कर्त्याचा रकाना

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणा माणसाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि उत्तरपत्रिका व प्रयोगाच्या नोंदी सोडल्या तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनी मला, हे कुठे बोलू नकोस, असं सांगितलं होतं. म्हणून नाव देत नाही, नुसतं काका म्हणतो. तुमच्यापैकी कुणी क्योतोत राहिलेलं असेल आणि ओळख पटली, तर कृपा करून मनातच ठेवा.

"आधी कागद, मग गप्पा." काका हे वाक्य म्हणायचे आणि स्वेटरच्या आत हात घालून शर्टाच्या खिशातलं पेन काढायचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला जेवलास का, असं विचारण्याआधी पॅन कार्ड आहे का, असं विचारलं. नव्हतं. "अरे, पीएचडी करतोस आणि पॅन नाही? तू कागदावर जन्मलाच नाहीस अजून!"

ते पुण्यातल्या एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, विधुर. त्यांची दुसरी पत्नी जपानी. ती क्योतोत माझ्या विद्यापीठात, मी पीएचडी करत होतो त्याच विभागाच्या कार्यालयात काम करते. त्याआधी ती एका कंपनीतर्फे काही वर्षं पुण्यात होती, काकांच्याच सोसायटीत भाड्यानं राहत होती. काका सोसायटीचे सेक्रेटरी. तिची पोलीस नोंदणी, भाडेकरार, गॅसचा सिलिंडर, सगळं काकांनी केलं, आणि ते करता करताच लग्न ठरलं. ती मायदेशी परतली आणि वर्षभरानं, तिचा पती म्हणून मिळालेल्या व्हिसावर, काका इथे आले. विभागात सगळे तिला आडनावापुढे आदराचं 'सान' लावून हाक मारतात. मला मात्र तिनं बजावलं होतं, "मला काकू म्हणायचं. पुण्यात म्हणायचे."

इथे आल्यावर काकांना पहिला आनंद कशाचा झाला असेल, तर कचऱ्याचा. कुठल्या वारी जळणारा, कुठल्या वारी प्लास्टिक, बाटल्यांची झाकणं वेगळी. वॉर्डानं दिलेलं कॅलेंडर त्यांनी तीन रंगांत रंगवून भिंतीला लावलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा त्यांच्या पिशवीकडे बघून मान डोलावली, तर ते मला फोन करून सांगत होते. "शेवटी नियम पाळणाऱ्याला मान आहे बरं का इथे!"

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते दोन्ही हातांनी, थोडं वाकून व्हिजिटिंग कार्ड द्यायचे. त्यावर 'सल्लागार' असं छापलेलं होतं. कुणी तरी विचारलंच, "काका, कसले सल्लागार?"

"कसलेही," काका म्हणाले. "सल्ल्याला विषय लागत नाही."

सगळे हसले. तेही हसले. पण मला ठाऊक होतं की ते दिवसभर घरी असतात. काकू दुपारी कार्यालयात डबा उघडायची, त्यात थालीपीठ, कधी भरली वांगी असायची. "आज त्यांनी केलं," असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची. मंडळात काका तेच थालीपीठ ताटलीत वाढत म्हणायचे, "हिच्या हातचं. जपानी असून काय शिकलीय बघा!" काकू शेजारी उभी राहून फक्त हसायची. मी खाली बघायचो. का कोण जाणे, लाज मला वाटायची.

नोव्हेंबरात विद्यापीठानं सगळ्या कर्मचाऱ्यांकडून वर्षअखेरच्या कराचे कागद मागवले. नवरा किंवा बायको आपल्या कमाईवर अवलंबून असेल तर ते तिथेच नोंदवायचं, म्हणजे कर कमी होतो. काकांनी काकूला नोंदवू दिलं नाही. "आत्ताच आलोय. पुढच्या वर्षी बघू." मग जानेवारीत व्हिसा वाढवायची वेळ जवळ आली, आणि घर कुणाच्या कमाईवर चालतं हे कागदोपत्री दाखवावं लागेल असं काकूला कळलं. कराच्या कागदात एक आणि व्हिसाच्या कागदात दुसरं लिहिलं तर व्हिसा अडकेल अशी तिला भीती वाटू लागली.

राहिलेली नोंद आता कर-कार्यालयात विवरणपत्र भरूनच करता येणार होती. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "कर-कार्यालयात तू ये. मी सांगितलं की भांडण होतं. तू सांग."

मी म्हटलं, "काकू, मला करातलं काही कळत नाही. आमच्या घरात कुणी कधी विवरणपत्र भरलेलं नाही."

"कर मला कळतो," ती म्हणाली. "मराठीत सांगणारं माणूस पाहिजे."

खरं तर काकांनी यायची गरज नव्हती. पण कर भरायला बायकोला एकटी पाठवणं त्यांना पटेना. फेब्रुवारीच्या थंडीत ते कोट घालून बसस्टॉपवर आले, हातात प्लास्टिकची फाइल. बसमध्ये त्यांनी मला त्यातला कागद दाखवला. पट्टीनं रेघा आखलेल्या, वर शीर्षक: हिंदू अविभक्त कुटुंब. त्याखाली कर्ता म्हणून त्यांचं नाव, सदस्य म्हणून काकूचं, तिच्या नावापुढे तिचा पगार.

"अर्ध्या सोसायटीची अशी विवरणपत्रं मी भरलीयत," ते म्हणाले. "पगार तिकडे यात धरत नाहीत, पण इथे दोघांचं मिळून एकच करायचं. सुटसुटीत."

इथे असं काही नसतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बसमध्ये बोललो असतो की नाही, कुणास ठाऊक.

मोठा हॉल होता. आमचा नंबर आल्यावर दंडावर कार्यालयाची कापडी पट्टी लावलेली एक तरुण मुलगी आम्हाला टेबलाशी घेऊन गेली. काकांनी दोन्ही हातांनी तिला तो कागद दिला. तिनंही तो दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ बघितला आणि मला हळूच विचारलं, "हे काय आहे?"

मी जमेल तसं सांगितलं. ती नम्रपणे म्हणाली की जपानात पती-पत्नीचं एकत्र विवरणपत्र नसतं. ज्याची कमाई त्याचं विवरणपत्र. इथे विवरणपत्र पत्नीचं. पतीची माहिती एका रकान्यात येईल.

"मग कर्ता कुठे लिहायचा?" काकांनी विचारलं.

"कर्ता नसतो, काका."

"घर म्हटलं की कर्ता असतो रे. तिला नीट विचार."

त्या मुलीनं तेवढ्यात पुढचा प्रश्न विचारला: गेल्या वर्षी पतीचं उत्पन्न किती? काका मला इंग्रजीत म्हणाले, "कन्सल्टंट. टेल हर." मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, किती? काका फाइलच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे पती पत्नीच्या कमाईवर अवलंबून आहेत, असं समजू ना? त्यांना विचारा."

हे मला वडिलांच्या वयाच्या माणसाला विचारायचं होतं. मी शब्द शोधत होतो. आश्रित म्हणू? घरी असता म्हणू? शेवटी मी म्हणालो, "काका, ती विचारतेय की घर काकू चालवतात का?"

काकांनी फाइलचं बटण लावलं, पुन्हा उघडलं. मागच्या रांगेतली माणसं आमच्याकडे बघू लागली. तेव्हा काकू बोलली. मराठीत आणि अगदी सावकाश.

"पुण्यात माझे सगळे कागद तुम्ही केले. पोलीस, भाडं, गॅस. सगळीकडे तुमची सही. मला वाईट वाटलं का?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहू दे तिला."

पुढचं काम काही मिनिटांत झालं. काकांचं नाव रकान्यात चढलं, आणि त्या मुलीनं 'खूप त्रास घेतलात' म्हणत आम्हाला वाकून निरोप दिला.

बाहेर आल्यावर काका मला पेयांच्या मशीनपाशी घेऊन गेले. "थंडी आहे. तू कॉफी घे." त्यांनी गरम कॉफीचं बटण दाबलं आणि मग खिसे चाचपले. कोटाचे, पँटचे, शर्टाचा. पेन निघालं. काकू थोड्या अंतरावर उभी होती. तिनं ते बघितलं आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहिली.

"मला नकोच होती, काका," मी म्हणालो.

"मंडळात बोलू नकोस रे."

"नाही, काका."

"तसं बोलण्यासारखं काही नाहीये. तात्पुरतं आहे."

"हो."

त्यानंतर ते मंडळात दिसले नाहीत. काकूचा डबा मात्र कार्यालयात येत होता. मार्चअखेर माझं काम संपलं, मी ओसाकाला नोकरीवर गेलो. नव्या गावात, नव्या घरात दिवस गेले. काकांना फोन करायचा हे रोज मनात यायचं, पण बोलायचं काय, म्हणून राहून जायचं.

परवा मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा दिवाळीच्या कार्यक्रमासाठी फोन आला. बोलता बोलता मी विचारलं, "काका येणार आहेत का?"

"अरे, तुला कळलं नाही? ते कधीच परत गेले पुण्याला. मे महिन्यात. व्हिसा तर तीन वर्षांचा मिळाला होता म्हणे."

"आणि काकू?"

"त्या इथेच. नोकरी आहे ना त्यांची." मग ते म्हणाले, "काकांना थंडी मानवली नाही म्हणतात. एवढी असते का रे क्योतोत?"

"असते," मी म्हणालो. "नवीन माणसाला नाही सोसत."