मधे केसभर उंच

बद्रीनाथ मुळ्यांनी छत्तीस वर्षं लेथचे बेड हाताने घासले. बेड म्हणजे मशीनचा लांब लोखंडी पाया. पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची आणि जिथे रंग लागेल, म्हणजे उंच असेल, तिथे पात्याने खरवडायचं. निवृत्तीआधी महिनाभर कंपनीने त्यांच्या कामाचा व्हिडिओ केला. वैष्णवी नावाची तरुण इंजिनिअर वही घेऊन शेजारी बसायची.

"काका, अजून काही राहिलं?"

"सगळं सांगितलं."

सगळं सांगितलं नव्हतं. ड्रॉइंगमध्ये बेड सपाट असतो. बद्रीनाथ तो मधे केसभर उंच ठेवत. वरचा जड भाग पुढेमागे सरकून बेड मधेच झिजतो, तेव्हा तो उंचवटा कामी येतो. त्यांना काम शिकवणाऱ्या बाबुराव मिस्त्रींनीही हे त्यांना अकरा वर्षं सांगितलं नव्हतं. सांगितलं ते स्वतः निवृत्त होताना, शेवटच्या दिवशी. कारखान्यात असंच चालायचं.

"वर्षभरात बोलावतात की नाही बघ," निवृत्त झाल्यावर बद्रीनाथ बायकोला म्हणाले. मग धायरीतल्या आपल्या दोन खोल्यांत रोज दाढी करून, चपला घालून बसू लागले.

"अहो, फोन चपला बघत नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "काढा त्या."

चौदा महिन्यांनी वैष्णवी घरी आली.

"काका, तक्रारी येतायत. वर्षाच्या आत मशीन माप सोडतंय."

बद्रीनाथ ताठ बसले. "साहेबांना म्हणावं, उद्यापासून येतो."

"तसं नाही. बेड करणंच बंद केलं. आता बाहेरून तयार येणार. साहेब म्हणाले, हाताचं काम भरवशाचं नव्हतंच. पण प्रोसेस मी लिहिली होती ना, सगळं माझ्यावर आलंय. माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

तिने तीच वही उघडली.

"सांगा की आता," सरोजिनीबाई आतून म्हणाल्या. "ती काय तुमची जागा घ्यायला आली नाहीये."

मग बद्रीनाथांनी उंचवट्याचं सांगितलं. वैष्णवीने लिहून घेतलं.

"केसभर म्हणजे किती, काका? आकडा?"

"आकडा नाही. बेडवर तळवा फिरवला की कळतं. एखादा बेड असेल ना शिल्लक? मी येऊन दाखवतो."

"शनिवारी भंगारात गेले."

बद्रीनाथ तळवा पँटला पुसत राहिले. मग म्हणाले, "साहेबांना सांग, तू बरोबर लिहिलं होतंस. मीच सांगितलं नव्हतं."

"सांगेन," वैष्णवीने वही मिटली. "पण त्यांना आता कारण नकोय, काका."