तटस्थांचं पाणी

लेले बाई जहाज हलवताना पटावरच्या समुद्रावर बोट टेकवून एकेक खण मोठ्याने मोजायच्या. वाघोलीच्या आमच्या सोसायटीतले जोशी आणि मी, दोघेही निवृत्त, दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे युद्धाचा पटखेळ खेळायला जायचो. मी आपला अंदाजाने जहाज सरकवायचो. "अहो कुलकर्णी, आरमार आहे हे, रिक्षा नाही. मधले खण गाळता येत नाहीत." जन्मभर भूगोल शिकवल्यामुळे समोरचा माणूस शहाणा असू शकतो यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

तटस्थ देशांच्या बाबतीत तर त्या फारच कडक. "जो कुणाच्याच बाजूचा नाही, त्याच्या वाटेला जायचं नाही," असं म्हणून विषय संपवायच्या. आम्हीही कधी गेलो नाही.

या उन्हाळ्यात खऱ्या समुद्रावर युद्ध पेटलं. बाईंचा एकुलता एक मुलगा मिहिर तेलवाहू जहाजावर अधिकारी. तरी बाई शांत होत्या, म्हणून आम्हीही काही विचारलं नाही.

त्या शनिवारी मी जिंकत आलो होतो, फक्त एका सामुद्रधुनीने वाट अडवली होती. तिच्या काठचा देश तटस्थ. मी सरळ त्याच्यावरच हल्ला जाहीर केला.

"असं करता येत नाही," बाई म्हणाल्या.

"येतं की. बाकीचे तटस्थ आपल्यावर उलटतात, एवढंच. वाचा." मी फुशारकीने नियमांची पुस्तिका पुढे केली.

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग पुस्तिका पटावर पालथी ठेवली.

"मिहिरला आधीच्या बंदरात उतरायची मुभा होती हो. त्याने फोन करून मला विचारलं. मी म्हटलं, तुमच्या जहाजावर तटस्थ देशाचा झेंडा आहे, तुम्हाला कोण हात लावतंय? जा खुशाल." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता ते त्या युद्धातल्या सामुद्रधुनीतच असतील."

फोन मध्ये ठेवून आम्ही तिघं बसून राहिलो. तो एकदा वाजला तेव्हा जोशी उभेच राहिले. गॅसवाला पत्ता विचारत होता. साडेसहाला मिहिरचा मेसेज आला, "बाहेर पडलो." बाईंनी तो जोशींना वाचायला लावला. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

पुढच्या महिन्यात मिहिर घरी आला. मी भेटायला गेलो, तेव्हा तो नव्या जहाजाचं सांगत होता. वाट तीच.

"आई, काय करू? जाऊ?"

माझी प्रत्येक चाल खोडून काढणाऱ्या बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"मला माहीत नाही रे," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं, आणि त्या शनिवारी वाटली नव्हती इतकी भीती मला तेव्हा वाटली.