त्रेचाळीस दोषांची तबकडी

गाण्याच्या तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात कानमावशी एकतीस वर्षं गाणी ऐकत होत्या आणि त्यांना एकही गाणं येत नव्हतं. त्यांना पगारच मुळी गाणं सोडून बाकीचं ऐकण्याचा मिळायचा. नव्या साच्यातून पहिली नमुना तबकडी निघाली की ती मावशींच्या काचेच्या खोलीत जाई. मावशी हेडफोन चढवत, डोळे मिटत आणि मिनिट-सेकंदासकट लिहून काढत : इथे खरखर, इथे टक्, इथे घरघर. गाणारा विरहाने मरायला टेकला असला, तरी तो मरताना खरखरतोय का, एवढ्याशीच त्यांना कर्तव्य.

घरीही तीच तऱ्हा. जेवताना मध्येच घास थांबवून त्या म्हणत, "अहो, पलीकडच्यांचा नळ ठिबकतोय."

"ठिबकू दे की," यजमान म्हणत. "नळ त्यांचा, पाणी त्यांचं. कान तेवढे आपले!"

एका बँडच्या अल्बमपायी या कानांवरच बालंट आलं. अंतराळातून भटकताना काय काय ऐकू येईल, ते हा चौघांचा बँड वाजवायचा. अंतराळात हवा नसते, म्हणजे तिथे काहीच ऐकू येत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण यांनी त्यावर बेचाळीस मिनिटं वाजवलं होतं. मावशींनी नमुना लावला आणि त्यांची पेन्सिल जी धावत सुटली ती थांबेचना. कागद पाठपोट भरला. दोष त्रेचाळीस! मावशींनी तबकडी नापास केली.

यादी बँडकडे गेली आणि तिकडून फोन आला तो हसण्याचाच. खरखर, घरघर, शिट्ट्या, सगळं म्हणे त्यांनी मुद्दाम घातलेलं! फोरमन तोंड पाडून काचेच्या खोलीत आला.

"मावशी, राग मानू नका. पण संगीत कुठलं आणि बिघाड कुठला, हेच कळेनासं झालं असेल, तर... पुढच्या महिन्यापासून तपासणी यंत्रावर घ्यावी म्हणतो. तुम्ही पॅकिंगला बसा. तिथे बरं असतं. खिडकी आहे."

"मला खिडकी काय करायचीय? मी डोळे मिटून काम करते," मावशी म्हणाल्या. "त्या मुलांना बोलवा. एकेक दोष त्यांनी माझ्यासमोर आपला म्हणावा, मग बसते पॅकिंगला."

चौघे आले. मावशींनी यादी पुढे ठेवली.

"दोन मिनिटं दहा सेकंद. खरखर."

"आमची," ढोलवाला म्हणाला. "पत्र्यावर वाळू ओतली होती."

"सहा मिनिटं. घरघर."

"माझ्या आजीचं शिलाई मशीन," कीबोर्ड वाजवणारी मुलगी म्हणाली. "उलटं वाजवलंय."

"आजीला विचारलंत का?"

"आजी म्हणाली, आधी तेल घाला त्याला."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. 'आमचंच', 'आमचंच' करत यादीवर काट पडत चालली आणि प्रत्येक काटेबरोबर मावशींचा आवाज बारीक होत गेला. बेचाळीस संपले.

"दुसरी बाजू. सतरा मिनिटं छत्तीस सेकंद. टक्."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. "तिथे काहीच नाहीये, मावशी. यानाची इंजिनं बंद पडतात. चाळीस सेकंद नुसती शांतता आहे तिथे."

"तिच्यातच आहे."

तबकडी लावली. सहा जणांनी माना खाली घालून ऐकलं. काही नाही. पुन्हा लावली. फोरमन हळूच म्हणाला, "मावशी, पुरे आता."

"साचा आणा," मावशी म्हणाल्या. "आणि सूक्ष्मदर्शक."

साचा आला. फोरमनने भिंगाला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही. केसाच्या टोकाएवढी पुळी होती. बरोबर त्याच रेघेत.

आभाळाकडे बघावं तशी ती मुलगी मावशींकडे बघत राहिली. "दोन वर्षं आम्ही ही शांतता घडवत होतो," ती म्हणाली. "ती इतकं कान देऊन कुणी ऐकेल, असं वाटलंच नव्हतं."

फोरमनने कान पकडले, स्वतःचे. पॅकिंगचा विषय तिथेच मिटला.

आठवड्याने नवा साचा आला. मावशींनी नवा नमुना लावला, डोळे मिटले. वाळू सांडली, पण ती आता ताऱ्यांची होती, आणि एकेक कण कानाजवळून जाताना मोजता येत होता. कुणाच्या तरी आजीचं मशीन दूर अंधारात काहीतरी शिवत होतं, भलं मोठं, ज्याला काठच नव्हते. मग इंजिनं थांबली. त्या चाळीस सेकंदांत मावशींना पलीकडचा नळ, कारखान्याची यंत्रं, स्वतःचा श्वास, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. एवढं मोठं काही असतं आणि त्यात आपण असतो, हे त्यांना एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तबकडी संपून गरगरत राहिली. फोरमनने दार उघडलं. कागद कोरा होता.

"एकही दोष नाही? मग पास ना, मावशी?"

मावशींनी डोळे पुसले आणि सुई उचलून पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली.

"थांबा जरा," त्या ओशाळून म्हणाल्या. "तपासायचं राहूनच गेलं."