आर. के. पुरमचे ब्लेनकिन्सॉप

यशोधन सहस्रबुद्धेशी माझं लग्न ठरत होतं, तेव्हा तो गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये ब्लेनकिन्सॉप होता. इंग्लंडात कुणाचं वॉशिंग मशीन बिघडलं की फोन याला यायचा, आणि तिकडच्यांना सहस्रबुद्धे झेपणार नाही म्हणून कंपनीने त्याला हे आडनाव चिकटवलं होतं. भारतात बसलोय हे सांगायचं नाही आणि फोन लांबवायचा नाही, एवढीच अट. तो कायम झाला की साखरपुडा, असं माझ्या बाबांनी ठणकावून सांगितलं होतं.

घोळ घातला त्याच्या वडिलांनी. पद्माकरकाका दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून सहस्रबुद्ध्यांचा कुलवृत्तांत लिहीत. आडनाव लावायचं तर घराण्याची माहिती हवीच, असं त्यांचं म्हणणं. लायब्ररी पालथी घालून त्यांनी शोध लावला, की ब्लेनकिन्सॉप मूळचे नॉर्थम्बरलंडचे. मग जेवताना सुरू, "आपल्यात एकाने दातेरी रुळावर वाफेचं इंजिन चालवलं. आपल्यातला एक इंग्लंडकडून फुटबॉल खेळला."

कायम करण्याआधी साहेब स्वतः यशोधनचे फोन ऐकायला बसले, आणि नेमकी एक खरीखुरी ब्लेनकिन्सॉप आजी लाइनवर आली. त्याने जीभ आवरून मशीन सुरू करून दिलं. फोन ठेवणार, तोच आजींनी विचारलं, "तुम्ही कुठले ब्लेनकिन्सॉप?"

असं विचारल्यावर गप्प बसणं आपल्या माणसाला जमतं का?

"आर. के. पुरमचे," तो म्हणाला. मग इंजिन निघालं, फुटबॉल निघाला, आजींचे भांडकुदळ भाऊबंद निघाले. संध्याकाळी नोकरी गेली.

मी तणतणत क्वार्टरवर गेले. "अगं पूर्वी, यार, आजींनीच विचारलं," यशोधन पुटपुटला. काका मात्र शांत. म्हणाले, नोकरी दुसरी मिळेल, घरच्या बाईला तोडून बोलायचं नसतं. वर आजींना कुलवृत्तांताच्या पुरवणीत घेणार होते. मला रडूच फुटलं. इतका भोळा नवरा मला हवाच होता, आणि आता बाबा नाही म्हणणार.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"आजी माहेरच्या ब्लेनकिन्सॉप, की सासरच्या?" त्यांनी विचारलं.

मी साखरपुड्याची साडी इस्त्रीला टाकली.