अर्जुनाची साल

कळमनुरीच्या आठवडी बाजारात एक म्हातारा अर्जुनाच्या झाडाची साल कुटून विकतो. कुटतो थोडं, डोळे मिटून गिऱ्हाईकाची नाडीच धरून बसतो फार. माझी धरली आणि माझ्या खिशातला लाल पेन बघून म्हणाला, "मास्तर, जिना चढताना दम लागून राहिला ना? हे चूर्ण दुधातून घ्या."

"किती दिवस?"

"नावातच हाय की. साल!"

मी वर्षभर ती तुरट भुकटी गिळली. दम तसाच. शेवटी बाजारात जाऊन भांडलो, "साल झालं, गुण नाही!"

त्यानं शांतपणे डोळे उघडले. "म्या झाडाची 'ती साल' म्हनलं. तुमी वर्साचं 'ते साल' धरलं. लेकरायला काय शिकवता हो?"

मी व्याकरण शिकवतो, हे त्याला सांगितलं नाही.