यंत्राने न छापलेली फॅट

नासलेल्या दुधाचा वास आला की दुष्काळातली केजजवळची दूध सोसायटी आठवते. दुधाचा दर ठरवायला तिथे फॅट मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम मी लिहिला होता. गावचा पोरगा इंजिनिअर झाला, या भरवशावर सोसायटीने तपासणीच्या जुन्या काचनळ्या आधीच मोडीत काढल्या होत्या. माझ्या कॉम्प्युटरवर ३.८ छापणारा तोच प्रोग्राम यंत्राच्या चिपवर नुसतं प्रश्नचिन्ह छापू लागला.

"आकड्याबिगर दूध घेता येत न्हाई, मावशी," सचिव म्हणाले.

"थांबते की. लेकरू लई शिकलेलं हाय," चारा छावणीतून आलेली सखूमावशी म्हणाली.

दुपारपर्यंत मी चूक शोधत राहिलो. तिच्या किटलीतलं दूध नासलं. ते बाभळीखाली ओतून तिने मलाच विचारलं, "जेवलास का?"

दशांश छापणारा भाग त्या चिपसाठी वेगळा जोडावा लागतो, हे पुढे कळलं. पण दहाने गुणून साधे ३८ छापले असते, तरी भागलं असतं. तेवढं तर गुरुजींनी पाचवीतच शिकवलं होतं.