डिक्कीतला अत्तराचा वास

आमचे हे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन झाले आन् महिनाभरात दारात लांबलचक पांढरी गाडी उभी राहिली. जुनीच घेतलेली, पण डिक्कीवाली मोठी सेडान. चेअरमन लहान गाडीतून उतरला तर तालुक्यात कुणी विचारत न्हाई म्हणे.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी कडबा मिळेना. गाडी विकून माझ्या म्हशीला चारा भरायचा, न्हाईतर म्हैस विकायची, असं ठरलं. म्हैस माझ्या माहेरची. बीडचा एजंट दर खेपेला गाडीचा भाव खालीच सांगायचा. "ताई, लहान गाडीला रोज गिऱ्हाईक हाय. ही पेट्रोल पिती, टायर महाग, त्यात नवं मॉडेल आलंय. पहिल्या मालकाकडंच हिची निम्मी किंमत गेलती." मला वाटलं, ह्याचं आन् आमच्या ह्यांचं काहीतरी साटंलोटं हाय.

ह्यांचं लक्षणच ठीक नव्हतं. रोज पहाटे गाडी काढायचे. कुठं, तर म्हणे बँकेत काम हाय. पहाटे कुठली बँक उघडती? आमचं दूध मामंजी फाट्यावर सोसायटीत घालायचे, पण ह्यांचं विचारलं की तेही विषय बदलायचे. परत आले की गाडीच्या काचा उघड्या आन् आत अत्तराचा घमघमाट. कुठल्या बाईसाठी हे नटणं चाललंय, ह्या विचारानं माझी झोप उडाली.

शेवटी वडवणीचं एक गिऱ्हाईक दारात आलं. त्यानं डिक्की उघडली, खालची चटई उचलली आन् नाकाला रुमाल लावला. पत्रा गंजून जाळी झालेला. आंबलेल्या दुधाचा भपका माझ्यापर्यंत आला.

"काय वाहता हिच्यातून?" त्यानं विचारलं.

हे मान खाली घालून बोलले, "दुधाचा टेम्पो परवडंना, बंद केला. एकेका म्हशीवर जगणाऱ्या बाया हायत. त्यांचं दूध शीतकेंद्रावर न्यावंच लागतं."

गिऱ्हाईक निघून गेलं. बाई न्हाई म्हणून जिवाचा घोर गेला, आन् लगेच अंगाचा तिळपापड झाला.

"आन् माझी म्हैस?" मी म्हणाले. ह्यांनी चटई परत गंजक्या पत्र्यावर पसरली.

बाजाराच्या दिवशी म्हैस गेली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे बाया फाट्यावर न जाता किटल्या घेऊन आमच्याच दारात आल्या. हे एकेकीची किटली घेऊन डिक्कीतल्या कॅनमध्ये ओतत होते. ओतता ओतता, वर न बघता, त्यांनी माझ्यापुढंही किटलीसाठी हात केला. माझ्या हातात काही नव्हतं.